ऑर्गन : कॅथेड्रलपासून मंडईपर्यंत

ऑर्गन हे मुळात एका जागी ठाण मांडून बसणारे वाद्य. युरोपातल्या मोठ्या चर्चमधला ऑर्गन त्या इमारतीचे माप घेऊन, तिच्या भिंती आणि छत आवाज किती वेळ घुमवतात हे ऐकून बांधला जातो. तो उचलून दुसरीकडे नेला तर नळ्या त्याच राहतात, पण आवाज तो राहत नाही. याच वाद्याचा एक वंशज मात्र चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत दर हिवाळ्यात टेम्पोत चढतो, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत उतरतो, रात्रभर वाजतो आणि उजाडता उजाडता पुढच्या गावाला निघतो.

या दोन टोकांच्या मधला प्रवास हा या पुस्तकाचा विषय आहे. संगीत नाटकावर मराठीत भरपूर लिहिले गेले. गायक-नटांची चरित्रे आहेत, पदांचे संग्रह आहेत, पेटीवादकांच्या आठवणी आहेत. पण रंगमंचासमोर बसलेल्या त्या लाकडी कपाटाकडे एक रचना म्हणून कोणी फारसे पाहिले नाही. त्याचा आवाज असाच का येतो, त्यातले खटके कशासाठी असतात, तो पेटीपेक्षा वेगळा का वाटतो, हे प्रश्न कारागिरांचे म्हणून बाजूला राहिले. दुसरीकडे चर्च ऑर्गनवर युरोपीय भाषांत कपाटेच्या कपाटे भरतील एवढे साहित्य आहे, पण ते बहुतेक दगडी कॅथेड्रलच्या दारातच थांबते. या दोहोंना जोडणारा रस्ता नवख्या वाचकाला दाखवणे हे या प्रस्तावनेचे काम. माझे सांगणे एकच आहे. ऑर्गनचा आवाज कारखान्यात अर्धाच ठरतो. उरलेला अर्धा तो ज्या जागेत आणि ज्या गळ्यामागे वाजतो तिथे ठरतो. हे हॅम्बुर्गला जितके खरे, तितकेच या जंगलपट्टीतल्या वडशाला.

वारा आणि नळी

कुठलाही ऑर्गन घ्या, त्याची अंगे तीन. वारा पुरवणारा भाता, तो वारा कुठे सोडायचा हे ठरवणाऱ्या पट्ट्या आणि झडपा, आणि वाऱ्याचा सूर करणारी नळी किंवा धातूची जीभ. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने पाण्याच्या भाराने वाऱ्याचा दाब एकसारखा ठेवणारे वाद्य केले. ते ऑर्गनचे पहिले रूप मानतात. त्याचा देवळाशी किंवा चर्चशी काही संबंध नव्हता. रोमन काळात ते जाहीर खेळांच्या आखाड्यात वाजे. सन ७५७ मध्ये बायझंटाइन सम्राट पाचव्या कॉन्स्टंटाइनने फ्रँकांचा राजा पेपिन याला ऑर्गन नजराणा म्हणून पाठवला, तोही दरबारी थाटाचा भाग म्हणून. चर्चने हे वाद्य आपलेसे केले ते त्यानंतरच्या शतकांत. म्हणजे आज ज्याला आपण चर्चचे वाद्य म्हणतो, ते चर्चमध्ये शिरण्याआधी हजार वर्षे करमणुकीचे आणि मिरवण्याचे वाद्य होते. जंगलपट्टीतल्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, नाटकासमोर वाजणारा ऑर्गन पाहून ज्यांना अवघडल्यासारखे होते, त्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा.

मध्ययुगातल्या ऑर्गनला खटके नव्हते. जर्मनीतल्या हाल्बरश्टाटचा १३६१ चा ऑर्गन प्रसिद्ध आहे. अशा वाद्यात एक पट्टी दाबली की तिच्यावरच्या साऱ्या नळ्या एकदम बोलत. हळू वाजवण्याची सोयच नाही. पुढे कारागिरांनी नळ्यांच्या रांगा वेगळ्या केल्या आणि प्रत्येक रांगेला स्वतंत्र खटका दिला. तिथून ऑर्गनमध्ये स्वररचना नावाची कला सुरू झाली. कुठल्या रांगा ठेवायच्या, किती, आणि त्या एकमेकींत कशा मिसळायच्या, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा पडला.

आवाज कसा रचतात

रांगांची नावे फुटांत असतात, आणि हे कोडे सोपे आहे. पट्ट्यांच्या सर्वांत खालच्या ‘सी’ स्वराची उघडी नळी सुमारे ८ फूट लांब असते. म्हणून पट्टीच्या नावाचाच सूर देणारी रांग ८ फुटी. ४ फुटी रांग एक सप्तक वर बोलते, २ फुटी दोन सप्तके वर, १६ फुटी एक सप्तक खाली. नळीचे वरचे तोंड बंद केले की निम्म्या लांबीत तोच खालचा सूर मिळतो. पण त्यात फक्त विषम क्रमांकाचे स्वरांश उरतात, म्हणून तो मऊ आणि जरा पोकळ लागतो. जागा आणि धातू वाचवण्याच्या या युक्तीतून आवाजाची एक नवी जातच हाती आली.

नळ्यांची मुख्य घराणी चार. प्रिन्सिपल हा ऑर्गनचा स्वतःचा आवाज, भरीव आणि उजळ. रुंद नळ्यांचा फ्लूट गोल आणि शांत. बारीक नळ्यांचा स्ट्रिंग जातीचा आवाज तंतुवाद्यासारखा किनारी. आणि चौथे घराणे जिभेच्या नळ्यांचे, ज्यात वाऱ्याने पितळी जीभ थरथरते आणि ट्रम्पेट किंवा ओबोच्या जवळचा आवाज निघतो.

यापेक्षा नवल आहे ते मिश्रणाच्या रांगांचे. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून न छेडलेला गांधार ऐकू येतो, हे मराठी रसिकाला सांगायला नको. ऑर्गनचा कारागीर तेच उलट्या बाजूने करतो. मूळ सुरात दडलेले स्वरांश तो स्वतंत्र छोट्या नळ्यांनी वरून घालतो. २⅔ फुटी रांग वरच्या सप्तकातला पंचम देते, १⅗ फुटी रांग आणखी वरचा गांधार. या रांगा एकट्या वाजवल्या तर विचित्र लागतात. मूळ रांगेवर चढवल्या की पंचम-गांधार म्हणून ऐकू येत नाहीत, मूळ सूरच तेजस्वी होतो. विजेच्या वाद्यांनी आवाज जोडून तयार करण्याची जी पद्धत विसाव्या शतकात घेतली, ती ऑर्गनच्या कारागिरांना कित्येक शतके आधी माहीत होती.

शेवटचा हात मात्र कानाचा. नळी बनवणारा एक आणि तिला बोलती करणारा दुसरा. तो नळीच्या ओठाची उंची, पायाच्या भोकाची रुंदी, कडेवरच्या बारीक खाचा हळूहळू बदलत जातो. मग नळी चर्चमध्ये उभी करून पुन्हा ऐकतो आणि पुन्हा हात लावतो. एकाच मापाच्या दोन नळ्या दोन इमारतींत वेगळ्या कराव्या लागतात. या पुस्तकातल्या पुढच्या साऱ्या चर्चेचे मूळ इथे आहे.

घराणी

उत्तर जर्मनीत आर्प श्निटगरने हे शास्त्र शिखराला नेले. हॅम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमधला त्याचा १६९३ चा ऑर्गन चार पट्ट्यांच्या थरांचा आणि ६० खटक्यांचा. प्रत्येक थराची नळ्यांची पेटी वेगळी, प्रत्येकीचा आवाज वेगळ्या जागेतून येणारा. त्यामुळे एकाच वेळी चालणाऱ्या तीन-चार स्वरावली कानाला सुट्या ओळखू येतात. सॅक्सनीत गॉटफ्रीड झिल्बरमानने रुपेरी, नितळ आवाजाची दुसरी वाट काढली; त्याचा फ्रायबेर्ग कॅथेड्रलमधला १७१४ चा ऑर्गन आजही वाजतो. स्पेनमध्ये ट्रम्पेट जातीच्या नळ्या उभ्या न ठेवता श्रोत्यांकडे रोखून आडव्या लावल्या गेल्या.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या अरिस्तीद काव्हाये-कोलने पारडे फिरवले. त्याला वेगवेगळ्या स्वरावली सुट्या दाखवायच्या नव्हत्या. त्याला वाद्यवृंदासारखा चढत-उतरत जाणारा एकसंध आवाज हवा होता. १८४१ मध्ये पॅरिसजवळच्या सें-दनी इथे त्याने चार्ल्स बार्करची हवेच्या जोराची तरफ वापरली, त्यामुळे मोठ्या ऑर्गनच्या जड पट्ट्या बोटांना हलक्या झाल्या. नळ्यांचा एक संच झापांच्या खोलीत बंद करून पायाने झापा उघड-मीट करण्याची सोयही त्याच्या काळात बहरली. इंग्लंडमध्ये हेन्री विलिसने टाऊन हॉल आणि सभागृहे भरून टाकणारे ऑर्गन बांधले. १८७१ चा लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचा ऑर्गन त्याचाच. मग १९०६ मध्ये अल्बर्ट श्वाइट्झरने एका पुस्तिकेतून तक्रार मांडली, की कारखान्यांच्या चढाओढीत ऑर्गनचा आवाज मोठा झाला आणि सौंदर्य गेले. त्यातून जुन्या पद्धतीकडे वळण्याची चळवळ उभी राहिली.

सारे वाद एका प्रश्नाभोवती फिरतात. ऑर्गनने अनेक आवाज सुटे ऐकवावेत, की एकच आवाज लहान-मोठा करावा? हा प्रश्न वाचकाने जवळ ठेवावा, कारण आपल्या रंगभूमीवर तो वेगळ्या वेशात पुन्हा भेटतो.

आपल्या हवेत

नळ्यांचे ऑर्गन भारतात आले ते बंदरांच्या आणि छावण्यांच्या शहरांत. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये तो आहे. कोलकात्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमधला ऑर्गन विलिस घराण्याचा. जुन्या चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन होते, पण जंगलातल्या अशा ठाण्यांपर्यंत नळ्यांचा प्रचंड ऑर्गन नेणे आणि सांभाळणे हे व्यवहारातले काम नव्हते.

अडचण फक्त वाहतुकीची नव्हती. नळीचा सूर हवेतल्या ध्वनीच्या वेगावर ठरतो आणि हवा तापली की तो वेग वाढतो. चंद्रपूरला डिसेंबरच्या पहाटे १२ अंश आणि मेच्या दुपारी ४६ अंश धरले, तर एकाच नळीचा सूर या दोन वेळांत जवळजवळ अर्ध्या स्वराने सरकेल. काळी एकची नळी पांढरी दोनच्या दारात जाऊन उभी राहील. जिभेच्या नळ्या मात्र तेवढ्या सरकत नाहीत, म्हणजे एकाच वाद्याचे दोन भाग आपसात भांडू लागतील. जाड भिंतींच्या, थंड दगडी चर्चमध्ये हा त्रास सोसता येतो, उघड्या मैदानात नाही.

तरीही स्थानिक मालातून मार्ग निघतो याचे एक उदाहरण आपल्या बांबूच्या जिल्ह्यांनी मुद्दाम माहीत करून घ्यावे. फिलिपाइन्समध्ये मनिलाजवळच्या लास पिन्यास इथे दिएगो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूने १८२४ मध्ये पुरा केलेला ऑर्गन आहे. त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत. कीड लागू नये म्हणून ते बांबू आधी वाळूत पुरून मुरवले होते. ट्रम्पेटच्या नळ्या तेवढ्या धातूच्या. १९७० च्या दशकात जर्मनीत बॉन शहरी त्याची दुरुस्ती झाली आणि तो पुन्हा आपल्या चर्चमध्ये बसला. पोकळ बांबूच्या कडेवर वारा आपटला की सूर निघतो, हे गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरच्या माणसाला शिकवावे लागत नाही. तिकडे हातात फिरवली की घुमणारी बांबूची बासरी असते. तत्त्व तेच, फक्त भात्याच्या जागी हात.

नळीशिवायचा ऑर्गन

जंगलपट्टीत पोहोचला तो नळ्या टाकून दिलेला ऑर्गन. पितळी चौकटीतून आरपार जा-ये करणारी मोकळी जीभ हे त्याचे हृदय. चीनच्या शेंग या वाद्यात ती फार प्राचीन काळापासून आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकात तिच्यावर धडाक्याने प्रयोग झाले आणि १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँने हार्मोनियमचे पेटंट घेतले. या जिभेला लांब नळी लागत नाही. सूर तिच्या लांबी-जाडीवर ठरतो, हवेच्या उष्णतेवर फारसा नाही. नळ्यांच्या ऑर्गनला छळणारा आमचा उन्हाळा हिला सोसतो.

पुढे दोन वाटा फुटल्या. फ्रेंच हार्मोनियममध्ये भाता वारा जिभांवर ढकलतो. अमेरिकन ऑर्गनमध्ये भाता वारा आत ओढून घेतो. सांगायला फरक किरकोळ, पण आवाजात तो मोठा आहे. ढकललेल्या वाऱ्याने सूर टोकदार येतो आणि पाऊल दाबाल तसा लगेच चढतो. ओढलेल्या वाऱ्याने सूर मवाळ येतो. अमेरिकेत जिभांना किंचित पीळ देऊन तो आणखी गोल केला गेला. बोस्टनची मेसन अँड हॅम्लिन आणि व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरोची एस्टी या कंपन्यांनी असे ऑर्गन घराघरांत आणि छोट्या चर्चमध्ये पोहोचवले. एकट्या एस्टीने पाच लाखांहून अधिक वाद्ये केली. मिशनरी, शाळा आणि व्यापारी यांच्यामार्फत ही वाद्ये हिंदुस्थानात आली. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीने फ्रेंच पद्धतीच्या वाद्याचे पाय काढले, भाता मागे लावला आणि जमिनीवर बसून वाजवायची हातपेटी घडवली.

म्हणजे आपल्याकडे दोन भावंडे नांदली. हातपेटीत एक हात भात्यावर अडकतो. पायपेटीत, म्हणजे आपल्या ऑर्गनमध्ये, भाता पायांकडे जातो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. पाच सप्तकांच्या ६१ पट्ट्या, जिभांचे दोन किंवा अधिक संच, बऱ्याच वाद्यांत मधोमध विभागलेले खटके, ज्यामुळे डावा हात हलका आणि उजवा उठावदार ठेवता येतो. गुडघ्याने बाहेर ढकलायची एक दांडी आवाज वाढवते, दुसरी सारे खटके एकदम उघडते. काव्हाये-कोलच्या झापांच्या खोलीचे काम इथे गुडघ्यावर आले आहे.

मराठी रंगभूमीवर

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले आणि गाणारा नट मराठी नाटकाच्या मध्यभागी बसला. साथीला आधी सारंगी-तबला, मग पेटी आणि ऑर्गन. हार्मोनियमवर प्रभुत्व असलेल्या गोविंदराव टेंब्यांनी १९११ च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या. १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांच्या चाली मिळाल्या. बालगंधर्वांच्या साथीला थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी होती, तसा ऑर्गनही होता.

हे वाद्य रंगमंचासमोर टिकले, त्याची कारणे व्यवहाराची होती. ध्वनिक्षेपकाच्या आधीच्या काळात गद्य संवादातून पदात शिरणाऱ्या नटाला पहिला षड्ज मिळायला हवा, तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू जायला हवा आणि ताना घेताना खाली जमीन कायम हवी. ओढलेल्या वाऱ्याचा मवाळ, लांब टिकणारा सूर गळ्याला झाकत नाही आणि मोकळीही सोडत नाही. सारंगी गळ्याच्या मागोमाग जाते, ऑर्गन गळ्याखाली अंथरला जातो. अनेक आवाज सुटे की एकच आवाज लहान-मोठा, हा युरोपातला वाद आपल्याकडे असा सुटला. इथे दुसरा आवाज गायकाचा होता, त्यामुळे ऑर्गनने एकच आवाज व्हायचे ठरवले.

या वाद्याला विरोधही झाला आणि त्यात तथ्य होते. बारा पट्ट्यांच्या समान वाटणीत गांधार शुद्ध राहत नाही. अर्ध्या स्वराचे १०० भाग केले तर तो सुमारे १४ भाग चढा लागतो. मींड तर पट्टीवर होतच नाही. १९४० मध्ये आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी आली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडले. नंतरच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम केली, तुळशीदास बोरकरांसारख्या कलावंतांनी एकलवादनाला मान मिळवून दिला. रंगभूमीने मात्र रेडिओच्या निकालाची वाट पाहिली नाही. जाणता साथीदार गायक गांधारावर विसावला की ती पट्टी सोडून देतो आणि षड्ज-पंचम धरून ठेवतो. उणीव वाद्यात आहे, तिचा इलाज बोटांत आहे.

झाडीपट्टी

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या झाडीच्या मुलखात दंडार, खडी गंमत यांसारख्या खेळांची स्वतःची परंपरा आधीपासून होती. बाहेरून आलेले संगीत नाटक या मातीत रुजले. भाऊबीजेपासून होळीपर्यंत हंगाम चालतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे रेल्वेचे गाव कंपन्यांच्या बुकिंगचे केंद्र झाले. दिवसा मंडई किंवा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री दहाच्या पुढे नाटक, आणि पडदा पडेपर्यंत पहाट. गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचे नाव मुंबई-पुण्यातल्या वाचकाच्या कानावर गेले. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी त्याच्या कितीतरी आधीपासून झाडीबोली आणि झाडीच्या लोककलांची नोंद करून ठेवली आहे.

इथला मांडव उघड्या शेतात असतो. बसायची जागा खोदून उतरती केलेली, बाजूला कनाती, वर आभाळ. चर्च ज्या घुमण्याने ऑर्गनला मोठा करते, ते घुमणे इथे शून्य. सूर वाजला की निघून गेला. त्यामुळे इथल्या पेटीमास्तरचे काम कॅथेड्रलच्या वादकाच्या नेमके उलट आहे. तो वादक इमारतीचा प्रतिध्वनी संपायची वाट पाहतो, याला स्वतःच्या पायांनी प्रतिध्वनी तयार करावा लागतो. पद संपले तरी पाय चालू राहतात, षड्ज धरलेला राहतो आणि त्यावर पुढचे गद्य बोलले जाते. रडण्याचा प्रवेश, खलनायकाची चाहूल, मधली लावणी, पुन्हा गंभीर प्रवेश, हे सारे दोन हात आणि गुडघा यांतून. नाटकात गावातला हौशी नट आणि बाहेरून आलेली गायिका एकत्र उभी असते. एकीची पट्टी काळी चार, दुसऱ्याची काळी एक, आणि तिसऱ्याची त्या रात्री घसा ज्या पट्टीला परवानगी देईल ती. श्निटगरने नळ्यांत जे केले, तसे इथे माणूस रात्रभर बसून करतो. जागा आणि गळा ऐकून वाद्य बोलते करतो. झाडीपट्टीची ऑर्गनवादनाची पद्धत ही पुण्या-मुंबईच्या साथीची उरलीसुरली नक्कल आहे असे समजणे चूक आहे. वेगळ्या जागेने घडवलेले ते वेगळे घराणे आहे.

आता का

आजच्या मांडवात बहुतेक वेळा कॅसिओ, म्हणजे विजेवरचा कीबोर्ड, असतो. तो हलका आहे, पट्टी एका बटणाने बदलतो, माईकला थेट जोडता येतो आणि त्याच्या पोटात ढोल-ताशापासून व्हायोलिनपर्यंत सगळे आहे. रात्रीमागून रात्र गाव बदलणाऱ्या कंपनीने तो घेतला यात दोष काही नाही. प्रश्न मागे पडलेल्या वाद्यांचा आहे. एस्टीसारखे कारखाने बंद होऊन दशके लोटली. जुन्या ऑर्गनचे कापडी-चामडी भाते उंदीर आणि वाळवी खातात, लाकूड उन्हाळ्यात आखडते आणि पावसाळ्यात फुगते. गुजरातेतल्या पालिताण्याला पेटीचे सूर बनतात, पण जुन्या अमेरिकन ऑर्गनची पीळ दिलेली जीभ बसवायला जाणता हात लागतो.

त्या हाताचे काम जवळून पाहण्यासारखे असते. जीभ मुकी झाली तर बऱ्याचदा दोष धुळीच्या एका कणाचा असतो. कारागीर जिभेखालून कागदाची पातळ पट्टी सरकवतो आणि सूर परत येतो. सूर उतरला असेल तर जिभेचे टोक अगदी हलके खरवडतो, वजन कमी होते आणि सूर चढतो. चढला असेल तर बुडाशी खरवडतो, जीभ लवचीक होते आणि सूर उतरतो. एक घास जास्त पडला की पितळ परत जोडता येत नाही. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात मराठीत नीट लिहिलेले नाही, ते हातांत आहे आणि ते हात म्हातारे होत आहेत.

जगात इतरत्र काय चालले आहे तेही पाहावे. जर्मनीतली ऑर्गन बांधण्याची आणि वाजवण्याची कला युनेस्कोने २०१७ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतली. २०१९ च्या आगीनंतर पॅरिसच्या नोत्र-दामचा ऑर्गन सुटा करून, साफ करून पुन्हा बसवला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो वाजला. तिथे प्रत्येक नळीची नोंद असते. आपल्याकडे कुठल्या गावात कुठला ऑर्गन आहे, याची साधी यादीही नाही.

हे पुस्तक काय करू पाहते

पुस्तकाची महत्त्वाकांक्षा मर्यादित आहे. नळ्यांच्या ऑर्गनचा पूर्ण इतिहास इथे नाही, तो इतर भाषांत उत्तम आहे. झाडीपट्टीच्या नाटकांचा समग्र इतिहासही नाही, तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. दोहोंना जोडणारा धागा पकडणे, म्हणजे वाऱ्याचा सूर कसा होतो, तो कोणी कसा रचला, आणि आपल्या रंगभूमीने त्याचे काय केले, एवढेच इथे आहे. ध्वनिशास्त्राचा भाग गणिताशिवाय मांडला आहे, पेटी-ऑर्गनवाल्यांच्या तोंडचे शब्द तसेच ठेवले आहेत. भाता, सूर, खटका, पट्टी यांना जड पारिभाषिक पर्याय शोधलेले नाहीत. नाटकवाल्याने तांत्रिक भाग वगळू नये आणि वाद्याच्या अभ्यासकाने मंडईचा भाग वगळू नये, कारण पुस्तकाचे म्हणणे या दोहोंच्या सांध्यात आहे.

काही मते वाचकाला पटणार नाहीत. समविभागी सप्तकाबद्दलचा जुना वाद इथे मिटवलेला नाही, रंगभूमीच्या गरजेच्या उजेडात पुन्हा मांडला आहे. कॅसिओबद्दलही इथे शोकगीत नाही. त्यावर वाजवणारे बरेच जण जुन्या ऑर्गनचीच साथ करतात, आणि ती साथ हेच जपण्यासारखे धन आहे.

वाचकांना एक विनंती. तुमच्या गावच्या नाट्यमंडळाच्या खोलीत, शाळेच्या अडगळीत किंवा चर्चच्या कोपऱ्यात पायाचा ऑर्गन पडला असेल तर तो भंगारात घालू नका. कारखान्याचे नाव, खटक्यांवरची अक्षरे, पट्ट्यांची संख्या एका कागदावर लिहून ठेवा आणि मागचे झाकण उघडून एक छायाचित्र काढा. गावात जुना पेटीमास्तर असेल तर हंगाम सुरू होण्याआधी त्याच्याकडे जा, त्याला वाजवायला सांगा आणि ध्वनिमुद्रण करा. वाद्य दुरुस्त करता येते, नवे घेता येते. साथ करणारा माणूस गेला की त्याची साथ दुसऱ्या कुणाला शिकवता येत नाही.